बोटॉक्स + लेसर, टिळकवाडीतलं क्लिनिक
कपाळावरच्या आठ्यांना बोटॉक्स आणि गालावरच्या बारीक रेषांना फ्रॅक्शनल लेसर (कातडीवर बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी मारतात तो), दोन्ही बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका क्लिनिकात करून घेतलं, रिझल्ट खरंच छान आलाय. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं की बोटॉक्स स्नायू सैल करतं आणि लेसर कातडीचा पोत सुधारतं, एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही, आणि एकाच दिवशी करायचं तर आधी लेसर मग बोटॉक्सचं इंजेक्शन, नाहीतर सुजेमुळे औषध भलतीकडे पसरू शकतं. आपल्या सावळ्या रंगाला लेसरनंतर काळे डाग पडायची भीती असते म्हणून त्यांनी पॉवर कमीच ठेवली, हे मला सगळ्यात आवडलं. बोटॉक्स साधारण ३-४ महिनेच टिकतं, म्हणजे खर्च परत परत आहे बघा. खानापूर, निपाणीकडनं गाडीवर येणार असाल तर लेसरनंतर ऊन लागू नये म्हणून स्कार्फ आणि सनस्क्रीन पाहिजेच.