बरा झालेला कुत्रा: घर, फोस्टर, शेल्टर की त्याचीच गल्ली?

अपघातातून किंवा आजारातून वाचवलेला कुत्रा बरा झाला की खरा पेच पडतो: आता याला ठेवायचं कुठे? याचं उत्तर त्याच्या वयावर आणि तो आला कुठून यावर ठरतं. आपल्याला तो किती आवडतो यावर नाही.

पिल्लू असेल तर घरच शोधा. रस्त्यावर पार्वो, डिस्टेंपर या साथीच्या आजारांनी आणि गाड्यांखाली बरीच पिल्लं जातात. घर मिळेपर्यंत त्याला शेल्टरमध्ये मात्र ठेवू नका. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला तिथे तो सहज गाठतो. त्यापेक्षा फोस्टर बघा, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत त्याला तात्पुरतं आपल्या घरात सांभाळणारं कुणीतरी. फोस्टरचा मोठा फायदा म्हणजे कुत्र्याची खरी ओळख पटते. तो लिफ्टला घाबरतो का, लहान मुलांत रमतो का, एकटा राहिला की रडतो का, हे पिंजऱ्याबाहेरून कळत नाही. हे सगळं सांगून दिलेला कुत्रा परत येण्याची शक्यता बरीच कमी होते. अडचण एकच, फोस्टर मिळणं कठीण असतं. खाणं आणि औषधं आपण पुरवू असं आधीच सांगितलं तर लोक तयार होतात.

मोठ्या कुत्र्याचं गणित वेगळं. त्याची ठरलेली गल्ली होती, चहाच्या टपरीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे त्याला ओळखत होते, तर नसबंदी आणि रेबीजची लस करून त्याला तिथेच सोडणं मला शेल्टरपेक्षा कितीतरी बरं वाटतं. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही त्याला मूळ जागीच सोडायला सांगतात. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतून उचललेला कुत्रा पुन्हा तिथे सोडायला मनाई केली. त्यामुळे एसटी स्टँडवरच्या कुत्र्यासाठी हा पर्याय धरून चालू नका. आणि अनोळखी भागात तर कुणालाच सोडू नका. तिथली कुत्री त्याला टिकू देत नाहीत.

शेल्टर मी कुणासाठी सुचवेन? मागचे पाय लुळे पडलेल्या, आंधळ्या किंवा रोजची मलमपट्टी लागणाऱ्या कुत्र्यासाठी. धडधाकट कुत्र्याने तिथली जागा अडवू नये.

‘आमच्या फार्महाऊसवर पाठवा, मोकळा राहील’ हा पाचवा पर्याय हमखास पुढे येतो. बहुतेकदा मोकळं राहणं म्हणजे साखळी आणि आठवड्यातून एकदा येणारा मालक. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे तर रात्री बाहेर बांधलेला कुत्रा बिबट्याच्या तोंडी जातो. कुत्रा रात्री आत झोपणार असेल आणि कुणी कायम तिथे राहत असेल, तरच विचार करा.

घर ठरवताना समोरच्याच्या प्रेमळ बोलण्यापेक्षा घर पाहून या. घरातल्या सगळ्यांची संमती आहे का, भाड्याचं घर असेल तर मालकाला माहीत आहे का, बाल्कनीला जाळी आहे का, गणपतीत गावी गेल्यावर त्याला कोण सांभाळणार, हे विचारा. ‘सोसायटीत चालत नाही’ असं कुणी म्हणालं तर पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ‘मादी नको’ हे वाक्य तर इतकं ऐकू येतं की चांगल्या चांगल्या पिल्लांची घरं त्यात जातात. नसबंदीनंतर मादी माजावर येत नाही, पिल्लंही होत नाहीत. हे शांतपणे समजावलं तर काहीजण मन बदलतात.

ऐन दिवाळीत कुत्रा देऊ नका. नवं घर, त्यात फटाके. दार उघडं दिसलं की तो सुसाट पळतो आणि परतीची वाट त्याला माहीत नसते. दिवाळी उरकू द्या. दिल्यावर पहिले तीन महिने फोन करत राहा, आणि नाही जमलं तर कुत्रा परत तुमच्याकडेच येईल, दुसऱ्या कुणाला दिला जाणार नाही, हे आधी लिहून घ्या.