व्हॅलेहो मॉडेल कलर: सेनिओ नदीवरची मराठा पलटण रंगवताना आलेला अनुभव

गेले अनेक महिने मी व्हॅलेहो या स्पॅनिश कंपनीचे ‘मॉडेल कलर’ हे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग एकाच कामासाठी सातत्याने वापरत आहे. ते काम म्हणजे १/३५ प्रमाणातला एक डायोरामा, म्हणजे छोट्या मूर्ती मांडून उभे केलेले प्रसंगदृश्य. स्थळ उत्तर इटलीतील सेनिओ नदी, दिवस ९ एप्रिल १९४५ आणि सैनिक पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे. निष्कर्ष आधीच सांगतो: माणसे रंगवण्यासाठी याहून सोयीचे रंग मी आजवर हाताळलेले नाहीत, रणगाड्यासाठी मात्र मी दुसऱ्याच रंगांकडे वळलो.

प्रसंग थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण रंगांकडून काय हवे होते ते त्याशिवाय कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या वसंतातील दोस्त राष्ट्रांच्या अखेरच्या चढाईत आठव्या भारतीय डिव्हिजनला सेनिओ ओलांडायची होती. नदी अरुंद, पण तिच्या दोन्ही काठांना पुरापासून बचावासाठी उभारलेले सुमारे २० ते ३० फूट उंचीचे मातीचे बांध होते, आणि त्यांच्या पोटात जर्मनांनी हिवाळाभर खंदक व मशीनगनची ठाणी खोदून ठेवली होती. बॉम्बवर्षाव आणि तोफांच्या माऱ्यानंतर आग ओकणारे चर्चिल क्रोकोडाइल रणगाडे बांधांवर सोडले गेले आणि त्यामागून पायदळ पाण्यात उतरले. अहमदनगर जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप्या होते. जखमी सहकाऱ्यांना त्यांनी खोल पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे सुरक्षित पोहोचवले. मग ते मशीनगनच्या ठाण्यांवर चालून गेले. हाताला जखम होऊन टॉमी गन चालवता येईना, तेव्हा त्यांनी हातबॉम्बच्या जोरावर उरलेली ठाणी गप्प केली, आणि शेवटी बांधावर उभे राहून, मराठ्यांची रणगर्जना करत, मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी, त्याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनाही तोच सन्मान मिळाला.

या दृश्यात लाल, निळा, पिवळा असा उठून दिसणारा रंग जवळजवळ नाही. खाकी गणवेश, गाळाची माती, जळके गवत आणि गव्हाळ ते सावळी त्वचा, म्हणजे सगळा खेळ तपकिरी छटांचा. दोन तपकिरींतला फरक नेमका साधता आला नाही, तर एक वीतभर अंतरावरूनही माणूस मातीत मिसळून जातो. म्हणून मी रंगांची परीक्षा याच एका कसोटीवर केली.

व्हॅलेहोचा पहिला मोठा गुण बाटलीतच आहे. छोट्या बाटलीला थेंब पाडणारे टोक असल्यामुळे मिश्रण थेंबांच्या हिशेबात लिहून ठेवता येते आणि काही आठवड्यांनी तीच छटा पुन्हा बनवता येते. एकाच पलटणीचे बरेच सैनिक टप्प्याटप्प्याने रंगवायचे असतील, तर या सोयीचे मोल फार आहे. रंगद्रव्य तळाशी बसते, त्यामुळे बाटली चांगली मिनिटभर हलवावी लागते. मी प्रत्येक बाटलीत स्टीलचा एकेक छर्रा टाकला आहे.

सर्वात जास्त वेळ चेहऱ्यांना दिला, आणि इथेच या रंगांबद्दलचे माझे मत पक्के झाले. १/३५ प्रमाणात पाच फूट सात इंचांचा माणूस जेमतेम ४.९ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे चेहरा मसुराच्या दाण्यापेक्षा फार मोठा नसतो. कातडीसाठी म्हणून मिळणाऱ्या ‘फ्लॅट फ्लेश’सारख्या बाटल्या युरोपीय चेहऱ्यांसाठी आहेत. त्यांत तपकिरी मिसळून मराठी माणसाचा वर्ण साधत नाही. गुलाबी तळामुळे चेहरा राखट आणि आजारी दिसतो. मी उलट दिशेने निघालो. ‘बर्न्ट अंबर’ आणि ‘बेज ब्राउन’ समप्रमाणात घेऊन पहिला थर, त्यावर गालांची हाडे, नाकाचा कणा आणि कपाळ यांवर निव्वळ बेज ब्राउन, आणि सर्वात उजळ जागी त्यातच ‘सनी स्किन टोन’चा जेमतेम स्पर्श. खालच्या ओठाला तांबूस तपकिरी, हनुवटीवर दाढीच्या खुंटांची अगदी पातळ करडी छाया. डोळ्यांत शुद्ध पांढरा मी कधीच भरत नाही, कारण त्यामुळे प्रत्येक सैनिक दचकलेला वाटतो. हे सगळे थर पाण्याइतके पातळ करूनही रंगद्रव्य तुटत नाही आणि खालचा थर उचलला जात नाही. प्रत्येकाच्या मिश्रणात एखाद्या थेंबाचा फरक केला की पलटणीत जसे वेगवेगळ्या वर्णांचे लोक असतात तसे ते दिसू लागतात.

गणवेशासाठी ‘इंग्लिश युनिफॉर्म’ ही बाटली लोकरी बॅटलड्रेसच्या तपकिरी खाकीच्या फार जवळ जाते. पट्टे, काडतुसांच्या पिशव्या व घोट्यांवरच्या पट्ट्या ही ३७ पॅटर्नची (१९३७ च्या नमुन्याची) सुती सामग्री वेगळ्या, हिरवट आणि फिकट छटेत घ्यावी, नाहीतर अंगावरचा कपडा आणि पट्टे एकजीव होतात. रंग पूर्ण मॅट सुकतो, त्यामुळे लोकरीचा खरखरीतपणा आपोआप येतो. प्लास्टिकच्या सैनिक-मूर्तींच्या संचातल्या शस्त्रांकडे मात्र डोळसपणे पाहावे. ब्रिटिश पायदळाच्या बहुतेक संचांत नॉर्मंडीनंतरच्या मोहिमेला शोभणारी क्रमांक ४ ची रायफल आणि स्टेन गन असते. इटलीतल्या भारतीय पलटणींच्या छायाचित्रांत चपट्या तोंडाची जुनी क्रमांक १ मार्क ३ रायफल वारंवार दिसते आणि जवळच्या लढाईसाठी टॉमी गन असते. ती मी अमेरिकन पायदळाच्या संचातून घेतली.

आता या रंगांची मर्यादा. त्यांचा थर मऊ असतो आणि प्लास्टिकला स्वतःहून घट्ट धरत नाही. प्राइमर (रंगाला पकड देणारा पहिला थर) मारल्याशिवाय ते वापरूच नयेत, आणि मूर्ती हातात धरून न रंगवता लाकडी ठोकळ्यावर टाचणीने बसवावी. आपल्याकडच्या हवेचाही परिणाम मोठा आहे. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पॅलेटवरचा थेंब काही मिनिटांत कातडी धरतो, त्यामुळे ओली पॅलेट ही चैन उरत नाही, गरज होते. झाकणाचा चपटा डबा, तळाशी ओला टिश्यू आणि वर केक भाजताना वापरतात तो कागद, एवढ्यात ती घरी तयार होते आणि मिश्रण दुसऱ्या दिवशीही वापरता येते.

क्रोकोडाइलसाठी मी टामिया या जपानी कंपनीचा रणगाड्याचा संच घेतला आणि त्यावर मॉडेल कलर लावून पाहिले. चर्चिलच्या लांब, सपाट बाजूंवर ब्रशचे फटकारे लपत नाहीत, आणि एअरब्रशमध्ये (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनात) हे दाट रंग टोकाशी सुकतात. ते ब्रशसाठीच बनवलेले आहेत आणि त्याच कंपनीची एअरब्रशसाठीची मालिका वेगळी आहे, त्यामुळे याला मी दोष म्हणणार नाही. रणगाड्याला अखेर मद्यार्कात पातळ होणारे टामियाचे ॲक्रिलिक वापरले. ते प्लास्टिकला घट्ट चिकटतात आणि वारंवार हाताळूनही कडांवरून उडत नाहीत. १९४४ पासून ब्रिटिश वाहनांना जो ऑलिव्ह रंग दिला जाई, तो अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅबपेक्षा हिरव्याकडे झुकतो. बाटलीवरचे नाव वाचून तो घेऊ नये, थोडा हिरवा मिसळून घ्यावा.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात खरा चर्चिल उभा आहे. संग्रहालयातले रणगाडे पुन्हा रंगवलेले असतात, म्हणून छटेसाठी त्यांचा उपयोग नाही. पण चाकांवरच्या पट्ट्यांच्या दुव्यांची जाडी आणि चिलखताचे जोड तास-दीड तास निरखले, तर प्लास्टिकवर काय ठळक करायचे आणि काय सोडून द्यायचे ते उमगते. क्रोकोडाइलच्या मागे सुमारे ४०० गॅलन ज्वलनशील द्रव वाहणारा चिलखती ट्रेलर असे, आणि द्रव दाबाने रणगाड्याच्या पोटाखालच्या नळीतून पुढच्या नळकांड्यापर्यंत येई. त्यामुळे काजळी नळकांड्याभोवती आणि तेलकट ओघळ ट्रेलरच्या सांध्यावर, एवढीच डागांची जागा मी धरली.

बांधाच्या कामात हे रंग पुन्हा उपयोगी पडले. ३० फुटांचा बांध या प्रमाणात २६ सेंटिमीटर भरतो, म्हणून मी एकच काठ घेतला. आपल्या भागातला मुरूम चाळून पसरण्याचा मोह टाळावा. तो तांबूस असतो आणि सेनिओचा गाळ करडा-तपकिरी, वाळल्यावर फिकट होणारा. गवतासाठी काथ्या बारीक कापून लावला. जळलेल्या गवताला काळ्याऐवजी ‘जर्मन ग्रे’ दिला, कारण शुद्ध काळा या आकारात भोकासारखा दिसतो.

नवीन घेणाऱ्यांनी रंगांचा मोठा संच घेऊ नये. त्यातल्या कित्येक झळाळत्या बाटल्या दुसऱ्या महायुद्धाच्या कामात उघडल्याच जात नाहीत. बर्न्ट अंबर, बेज ब्राउन, सनी स्किन टोन, इंग्लिश युनिफॉर्म, खाकी आणि जर्मन ग्रे, एवढ्या सुट्या बाटल्यांवर अशी संपूर्ण पलटण उभी राहते आणि रंग शिल्लक राहतो. त्यांच्या जोडीला मॅट वॉर्निश घ्यावे. स्प्रेचे वॉर्निश मात्र पावसाळ्यात मारू नये. दमट हवेत ते दुधाळ होते आणि चेहऱ्यावरचे सारे काम त्याखाली झाकले जाते. त्या महिन्यांत ब्रशने लावायचे वॉर्निश वापरावे.