ब्लू बॅज: दीड वर्ष वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

इंग्लंडमध्ये राहताय, आजार आहे पण अंगावर दिसत नाही, आणि ब्लू बॅजला (चालायला त्रास असणाऱ्यांना गाडी जवळ लावू देणारा परवाना) अर्ज करावा की नको यावर घुटमळताय, अशा आपल्या लोकांसाठी लिहितेय. मी त्यात दोन वर्षं घालवली आणि ती वाया गेली असं आता अगदी मनापासून वाटतं.

मला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस. आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते, त्यामुळे मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. गाडीतून उतरले की पहिली चाळीस-पन्नास पावलं मी इतर कोणाहीसारखीच चालते, मग डावा पाय जड व्हायला लागतो, मग पाऊल उचललंच जात नाही, आणि दुकानात उकडत असेल तर हे अजून लवकर होतं कारण उष्णतेने एमएसचा त्रास वाढतो. लोकांना मी दुकानात जाताना दिसते. अर्ध्या तासाने ट्रॉलीवर भार टाकून पाय ओढत परत येते तेव्हा बघायला कोणी थांबलेलं नसतं.

आता अर्जाबद्दल. सरकारी साइटवर ऑनलाइन फॉर्म आहे, तो आपल्या काउन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) जातो. इंग्लंडमध्ये फी १० पाउंड, वेल्समध्ये फुकट, आणि बॅज जास्तीत जास्त ३ वर्षांचा मिळतो. ज्यांना पिप (आजार किंवा अपंगत्वासाठीचा सरकारी भत्ता) मिळतं आणि त्यात चालण्याच्या भागात ८ किंवा जास्त पॉइंट आहेत (म्हणजे ५० मीटरपेक्षा जास्त चालता येत नाही) त्यांचं काम सोपं, त्यांना पुन्हा काही सिद्ध करावं लागत नाही. मला पिप नव्हतं म्हणून काउन्सिलने असेसमेंटला बोलावलं. बऱ्याच जणांना अजून माहीत नाही म्हणून सांगते, ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये न दिसणाऱ्या त्रासांचाही नियमात स्पष्ट समावेश आहे, म्हणजे चालताना प्रचंड मानसिक त्रास होतो किंवा जिवाला गंभीर धोका असतो अशांनाही अर्ज करता येतो. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईवडलांनी हे नक्की वाचा.

असेसमेंटला बाईंनी कॉरिडॉरमध्ये चालून दाखवायला सांगितलं. मी चालले, छान चालले, आणि त्या लिहायला लागल्या तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, अजून दोनदा चालू द्या मला. तिसऱ्या फेरीला पाऊल फरशीला घासत होतं आणि मला भिंत धरावी लागली. मी हे बोलले नसते तर कागदावर पहिलीच फेरी गेली असती. म्हणून फॉर्ममध्येही हेच लिहा, कुठपर्यंत चालता येतं एवढ्यावर थांबू नका, परत यायला किती वेळ लागतो, वाटेत किती वेळा थांबावं लागतं, घरी आल्यावर किती तास पडून राहावं लागतं हे सगळं लिहा आणि न्यूरॉलॉजिस्टचं पत्र जोडा. आपल्याला सवय असते ‘मी ठीक आहे, चाललंय’ म्हणायची. तिथे ती बाजूला ठेवा.

उत्तर यायला ११ आठवडे लागले, मधे एकदा आधीच पाठवलेले कागद पुन्हा मागितले. यासाठी एक स्टार कमी.

पण बॅज हातात आल्यावर काय बदललं ते सांगते. डॅशबोर्डवर बॅज आणि निळं घड्याळ नीट दिसेल असं ठेवायचं, घड्याळावर आल्याची वेळ लावायची, की सिंगल किंवा डबल पिवळ्या रेघेवर, जिथे एरवी गाडी लावायला बंदी असते, ३ तास गाडी लावता येते. फक्त फुटपाथच्या कडेला आडव्या छोट्या पिवळ्या खुणा असतील तर तिथे सामान चढवायला-उतरवायला बंदी असते, तिथे बॅज चालत नाही. रस्त्यावरच्या मीटरला पैसे नाहीत. गेल्या वर्षी लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेलो, गाडी जवळच लावता आली आणि मी आरती पूर्ण उभी राहून केली. त्याआधीच्या वर्षी लांब पार्किंगपासून चालत पोचेपर्यंत सगळं बळ संपलं होतं, आरतीला खुर्चीवर बसून होते आणि महाप्रसादाला न थांबता निघालो. बॅजने आजार बरा होत नाही, पण जे करायला बाहेर पडले ते करायला पाय शिल्लक राहतात.

मध्य लंडनला जाताना मात्र आधी बघून जा, वेस्टमिन्स्टर, सिटी, केन्सिंग्टन-चेल्सी आणि कॅमडेनच्या काही भागात नियम वेगळे आहेत. सुपरमार्केट आणि हॉस्पिटलच्या खाजगी पार्किंगलाही ही स्कीम आपोआप लागू नाही, पाटी वाचा.

आणि लोक. एका सुपरमार्केटबाहेर एक आजोबा काचेवर टकटक करून म्हणाले, ही जागा अपंगांसाठी आहे. मी बॅज दाखवला तरी ते माझ्या पायांकडेच बघत राहिले. मला ते फार लागलं, गाडीत बसून रडले. पण त्यांच्यापेक्षा जास्त लागलं ते आपल्याच ओळखीतल्या एका काकूंचं, ‘अगं तू तर चांगली धडधाकट दिसतेस, कशाला ते अपंगाचं लेबल लावून घेतेस, मुलीच्या लग्नाच्या वेळी लोक विचारतील.’ माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. काकूंना मी शांतपणे एवढंच सांगितलं की मुलीसोबत बागेत जाता यावं म्हणूनच घेतलाय.

एक गोष्ट मी स्वतः पाळते. अपंगांसाठीच्या जागांच्या बाजूला आखलेली जी रुंद पट्टी असते ती व्हीलचेअरसाठी, दार पूर्ण उघडायला लागते. मला रुंदी लागत नाही, अंतर कमी लागतं. दाराजवळ साधी जागा रिकामी असेल तर मी तीच घेते. आणि मी गाडीत नसताना नवऱ्याने बॅज कधीच वापरायचा नाही, एकदा पाऊस होता म्हणून तो विचारत होता, मी नाही म्हटलं. गैरवापराला १००० पाउंडपर्यंत दंड आहे, पण दंड नसता तरी नाहीच म्हटलं असतं, कारण अशामुळेच ते आजोबा काचेवर टकटक करतात.

पाचपैकी चार स्टार. रिन्यू आपोआप होत नाही, पुन्हा अर्ज करावा लागतो. माझा पुढच्या वर्षी मेमध्ये संपतोय, मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रिमाइंडर लावून ठेवलाय, तुम्हीही लावा.