मुक्काम अमळनेर, प्रश्न अमेरिकेचे

31 वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे नातवाच्या मोबाइलवरचा अमेरिकन शहरांचा प्रश्नखेळ म्हणजे डाव्या हातचा मळ वाटला. दुसऱ्याच प्रश्नाला आपटलो. नेवाडा राज्यातलं, समुद्रापासून लांबचं रेनो आणि लॉस एंजेलिस, जास्त पश्चिमेला कोणतं? मी बिनधास्त लॉस एंजेलिस दाबलं. ते तर समुद्राकाठी! उत्तर रेनो. 'आबा, चुकनात तुम्ही!' नातू हसून हसून खाटेवर लोळला. नकाशा उघडला, तर खरंच. कॅलिफोर्नियाचा किनारा दक्षिणेकडे जाताना पूर्वेला सरकत जातो, हे फळ्यावर काढूनही विसरलो होतो. कॅनडातलं विंडसर डेट्रॉइटच्या दक्षिणेला आहे, तिथेही तसाच फसलो. राज्यांच्या राजधान्या मात्र धडाधड: ऑल्बनी, सॅक्रामेंटो, फिनिक्स. (फिनिक्सचा उन्हाळा भुसावळवाल्यांनाच कळेल.)

प्रश्नाला 10 सेकंद. चष्मा सापडेपर्यंत वेळ संपते. मधेमधे जाहिराती, मराठी नाहीच. पण खरा राग वेगळा आहे. चुकलं की नुसती लाल फुली. कारण नाही, नकाशा नाही. मी वर्गात असं केलं असतं तर पोरं काय शिकली असती? फुकट आहे म्हणून तीन तारे. काल 20 पैकी 14 आले, नातवाचे 11.