स्पॅनिश शिकवणारे इंग्रजी ॲप: वर्षभर वापरल्यानंतर

या ॲपची दुसऱ्या वर्षाची वर्गणी भरायची नाही, हे माझ्यापुरते ठरले ते एका शब्दकार्डामुळे. कार्डावर ‘आस्क’ हा इंग्रजी शब्द होता. मी ‘पेदिर’ असे उत्तर लिहिले आणि ॲपने ते लाल करून ‘प्रेगुन्तार’ हे बरोबर उत्तर म्हणून दाखवले. पुढे तेच कार्ड पुन्हा समोर आले तेव्हा ‘प्रेगुन्तार’ लिहिले, तर या खेपेला बरोबर उत्तर ‘पेदिर’ होते. पुढच्या बाजूला एकच इंग्रजी शब्द असलेली ही दोन वेगळी कार्डे होती आणि समोर आलेले कार्ड कोणते हे ओळखण्याची कोणतीही खूण त्यावर नव्हती. पेदिर म्हणजे मागणे आणि प्रेगुन्तार म्हणजे विचारणे. पाणी मागणे आणि पत्ता विचारणे यांत मराठी बोलणारे लहान मूलही कधी गल्लत करत नाही. ही गल्लत इंग्रजीची आहे, आणि ती विकत घेऊन मी गुण गमावत होते.

ॲपची वैशिष्ट्ये, पातळ्या आणि दर सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून ते सर्व वगळून केवळ वापराबद्दल लिहिते. मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, निर्यात विभागात काम करते. आमचे काही कास्टिंग स्पेनला आणि काही मेक्सिकोला जाते. पत्रव्यवहार इंग्रजीत चालत असला तरी ड्रॉइंगवरच्या टिपा, तपासणीचे तक्ते आणि तक्रारीची पत्रे पुष्कळदा स्पॅनिशमध्येच येतात. माझे शालेय शिक्षण मराठीतून, पदवी इंग्रजीतून आणि बाजारातले निम्मे व्यवहार कन्नडमधून, असे सीमाभागातल्या कोणाचेही असते तसेच माझे आहे. ॲप इंग्रजीतून शिकवते याची मला सुरुवातीला काहीच अडचण वाटली नव्हती, कारण इंग्रजी मला चांगले समजते. अडचण इंग्रजी समजण्याची नाहीच. एका इंग्रजी शब्दासमोर एक स्पॅनिश शब्द ठेवला की शिकवणे झाले, अशी या ॲपची धारणा आहे आणि खरी अडचण तेथे आहे.

‘ऑर्डर’ या शब्दाचे उदाहरण घेतले की हे अधिक स्पष्ट होईल. ॲपमध्ये त्याचे कार्ड आहे, उत्तर ‘ओर्देन’ असे एवढेच आहे, आणि त्याआधी लागणारे ‘एल’ किंवा ‘ला’ हे उपपद दिलेले नाही. वास्तविक ‘एल ओर्देन’ म्हणजे क्रम किंवा व्यवस्था, आणि ‘ला ओर्देन’ म्हणजे आदेश. लिंग बदलले की अर्थ बदलतो, त्यामुळे उपपद काढून टाकलेले कार्ड अर्धवट राहते. शिवाय आमच्या कामात ज्याला आपण ऑर्डर म्हणतो त्याला स्पेनमधले ग्राहक ‘पेदिदो’ म्हणतात, आणि हा शब्द त्याच पेदिर क्रियापदापासून आलेला आहे. आमच्या फायलींवर तो कितीतरी वर्षांपासून छापलेला आहे. मागणे या अर्थाने पेदिर लिहिल्यावर मला चूक ठरवणारे कार्ड पाहताना माझा संताप का होत असे, हे यावरून कळावे.

फसव्या शब्दांच्या, म्हणजे इंग्रजी शब्दासारखे दिसणाऱ्या पण वेगळ्या अर्थाच्या स्पॅनिश शब्दांच्या, धड्याबद्दलही तेच म्हणता येईल. ‘एम्बारासादा’ म्हणजे लाजलेली नव्हे तर गरोदर, ‘एक्सितो’ म्हणजे बाहेरचे दार नव्हे तर यश, ‘कार्पेता’ म्हणजे गालिचा नव्हे तर फाईल, हे तेथे आहे आणि ते चित्रांसह छान दिले आहे. तथापि ‘लार्गो’ तेथे नाही. लार्गो म्हणजे मोठा नव्हे, लांब. ड्रॉइंगवरच्या तक्त्यात लार्गो हे लांबीचे शीर्षक असते आणि शेजारी आन्चो, म्हणजे रुंदी असते. ‘आक्तुआल’ही तेथे नाही. ‘प्लानो आक्तुआल’ असे पत्रात आले की त्याचा अर्थ ‘खरे ड्रॉइंग’ असा होत नाही, ‘सध्या लागू असलेले ड्रॉइंग’ असा होतो, आणि जुन्या आवृत्तीवर साचा पडला तर किती लोखंड पुन्हा भट्टीत जाते हे फौंड्रीतल्या कोणालाही सांगावे लागत नाही. ‘एव्हेन्तुआलमेन्ते’ म्हणजे अखेरीस नव्हे, तर प्रसंगी किंवा कदाचित. ‘कोम्प्रोमिसो’ म्हणजे तडजोड नव्हे, तर दिलेला शब्द. नोकरीधंद्यासाठी शिकणाऱ्याला हेच शब्द अडवतात. आकडे लिहिण्याच्या पद्धतीवर तर एकही धडा नाही. स्पेनमधून आलेल्या बिलावर १.२५०,०० असे लिहिलेले असते, तर मेक्सिकोच्या बिलावर तीच रक्कम १,२५०.०० अशी असते. स्पॅनिशमधील ‘बियोन’ म्हणजे लाख कोटी. इंग्रजी बिलियन म्हणजे शंभर कोटी, आणि त्यासाठी स्पॅनिशमध्ये ‘मिल मियोनेस’ असे म्हणावे लागते.

कार्डांबद्दल मी ग्राहक सेवेला सविस्तर लिहिले. पडद्याची चित्रे जोडली, दोन्ही क्रियापदांचे अर्थ मांडले, आणि इंग्रजी शब्दासोबत कंसात एखादी खूण द्यावी अशी विनंती केली. उत्तर आले ते ॲप काढून पुन्हा टाकण्याचे. मी पुन्हा लिहिले, तेव्हा इंटरनेटचा वेग तपासण्याची सूचना मिळाली. त्यानंतर वर्गणी आपोआप कापली जाणार असल्याचा बँकेचा संदेश आला. अशी कपात होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवणे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बंधनकारक आहे आणि त्या संदेशातूनच परवानगी रद्द करता येते, म्हणून माझे पैसे वाचले. ॲपच्या आत मात्र रद्द करण्याचे बटण इतके खोल ठेवले आहे की ते शोधूनही मला सापडले नव्हते. वर्षाची वर्गणी ही लहान रक्कम नाही. त्या पैशात बेळगावात चांगला शब्दकोश आणि वह्यांचा गठ्ठा येतो.

येथे एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. वर्गणी संपण्यापूर्वीच ॲपची नवी आवृत्ती आली आणि पुष्कळ कार्डांखाली एकेक उदाहरणवाक्य दिसू लागले. ‘आस्क’च्या एका कार्डाखाली आता उपाहारगृहात बिल मागण्याचे वाक्य आहे आणि दुसऱ्याखाली रस्ता विचारण्याचे आहे. माझ्या पत्रांमुळे हे झाले असे मी म्हणत नाही, पण झाले हे फार चांगले झाले. वाक्य आले की शब्द जागेवर बसतो. या बदलानंतर माझे मत बरेच निवळले आहे, आणि हा अभिप्राय काही आठवड्यांपूर्वी लिहिला असता तर तो याहून कडक झाला असता. उपपदे अजून आलेली नाहीत, ‘नो’ (जाणणे) या इंग्रजी शब्दाची दोन कार्डे (‘साबेर’ आणि ‘कोनोसेर’) अजून पूर्वीसारखीच उघडी आहेत.

व्याकरणाच्या धड्यांची मांडणी स्वच्छ आहे, परंतु मराठी माणसाला जे आयते कळते तेच तेथे सर्वांत लांबवून सांगितलेले आहे. ‘मे गुस्ता एल ते’ समजावताना ॲप अनेक पडदे खर्च करते, कारण इंग्रजीत ज्याला आवडते तो माणूस कर्ता असतो आणि स्पॅनिशमध्ये आवडणारी वस्तू कर्ता असते. ‘मला चहा आवडतो’ आणि ‘मला आंबे आवडतात’ असे आपण जन्मभर बोलत आलो आहोत; क्रियापद चहाप्रमाणे आणि आंब्यांप्रमाणे बदलते, माझ्याप्रमाणे नाही. स्पॅनिशमध्ये ‘गुस्ता’चे ‘गुस्तान’ नेमके त्याच कारणाने होते. माणूस कर्म असेल तर त्याआधी ‘आ’ लावायचा आणि वस्तू असेल तर लावायचा नाही, हा नियम इंग्रजीतून शिकणाऱ्यांना फार छळतो असे ॲपच सांगते. आपण मात्र ‘भावाला बघतो’ आणि ‘घर बघतो’ असे म्हणतो, भावाला ‘ला’ लावतो आणि घराला लावत नाही, आणि हा भेद कोणी शिकवल्याचे कोणाला आठवतही नाही. भूतकाळाच्या दोन रूपांचेही तसेच आहे. ‘काल गेलो’ यासाठी ‘फुई’, आणि ‘लहानपणी जायचो’ किंवा ‘जात असे’ यासाठी ‘इबा’. इंग्रजीच्या एका ‘वेंट’मधून हे दोन अर्थ वेगळे काढायला शिकवणारा लांबलचक धडा मी अर्ध्यातच सोडला आणि पुढची चाचणी मराठीत विचार करून दिली.

माझ्याबरोबर हेच ॲप वापरणाऱ्या आमच्या लेखा विभागातल्या सहकाऱ्यांची मातृभाषा कन्नड आहे. ‘मे गुस्ता’ त्यांनाही लगेच कळले, कारण कन्नडमध्येही ‘ननगे इष्ट’ असेच म्हणतात. पेदिर आणि प्रेगुन्तार यांच्याबाबतीत मात्र त्यांना माझ्याइतके सोपे गेले नाही, कारण कन्नडमधील ‘केळु’ हे क्रियापद मागणे, विचारणे आणि शिवाय ऐकणे यांनाही चालते. लिंगाच्या बाबतीतही त्यांना अधिक कष्ट पडले. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसते. भिंत ती आणि दरवाजा तो, याची आपल्याला मुळातच सवय असल्यामुळे स्पॅनिशमध्ये मेजाला स्त्रीलिंग आहे हे ऐकून आपण दचकत नाही. तरीही ‘ला मानो’, म्हणजे हात, हा ओकारान्त असून स्त्रीलिंगी आणि ‘एल प्रोब्लेमा’ हा आकारान्त असून पुल्लिंगी, हे पाठच करावे लागते, आणि पाठ करण्यासाठी कार्डावर उपपद लागते. मी या एका मुद्द्याकडे पुन्हा पुन्हा वळते आहे याची मला कल्पना आहे, पण पहिल्या दिवसापासून नाम उपपदासकट डोक्यात गेले नाही तर पुढे ते सुधारणे अतिशय कठीण जाते.

मराठीचा आधार सर्वत्र पुरतो असे मात्र नाही. आपण माणसाला ओळखतो आणि गाव आपल्याला माहीत असते. स्पॅनिशमध्ये माणूस आणि गाव या दोघांनाही ‘कोनोसेर’ लागते, आणि पोहता येणे यासाठी ‘साबेर’ लागते. ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’ यातले ‘यावंस’ हे रूप ‘किएरो के वेन्गास’ समजण्यास फार उपयोगी पडते, पण ‘तू येशील तेव्हा’ येथे आपण साधा भविष्यकाळ वापरतो आणि स्पॅनिशमध्ये तेथेही ‘वेन्गास’च येते. हाक मारल्यावर आपण ‘आलो’ म्हणतो. स्पॅनिश माणूस ‘या वोय’, म्हणजे ‘जातो’ असे म्हणतो. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन ‘आहे’ बाबत ॲपने दिलेला कायमचे आणि तात्पुरते असा नियम तर सरळ दिशाभूल करणारा आहे. गोकाकचा धबधबा घटप्रभा नदीवर कायमचाच आहे, तरी तो कोठे आहे हे सांगताना एस्तारच वापरावे लागते, आणि मेलेल्या माणसाविषयीही एस्तारच. याउलट सभा कोठे आहे हे सांगताना सेर लागते, मग ती तासाभरात संपणार असली तरी. ठिकाण, स्थिती आणि ओळख असे तीन भाग करून शिकवले असते तर हा गुंता पडला नसता.

ध्वनिमुद्रणे मात्र अत्यंत उत्तम आहेत, आणि वर्गणीतले निम्मे पैसे मी त्यांच्यासाठी दिले असे समजते. स्पेन आणि मेक्सिको येथील उच्चार वेगळे ऐकता येतात. ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, यांतला फरक संथ गतीने पुन्हा पुन्हा ऐकवता येतो. उच्चारांची लेखी सूचना पाहू नये, कारण ती इंग्रजी ‘टॉप’मधल्या ‘ट’वरून ‘त’ शिकवू पाहते. आपला त आणि आपला द हेच तेथे योग्य आहेत. धडे आधी फोनमध्ये उतरवून ठेवता येतात ही आणखी एक मोठी सोय. माझे माहेर कणकुंबीकडे आहे आणि जांबोटीच्या पुढे जंगल लागले की फोनचे नेटवर्क जाते, पण बसमध्ये धडे अखंड चालतात.

वर्गणी बंद केल्यावर मी वहीत स्वतःची कार्डे केली आहेत: डाव्या बाजूला मराठी वाक्य, उजव्या बाजूला स्पॅनिश वाक्य, आणि प्रत्येक नाम उपपदासकट. अर्थ तपासण्यासाठी १७१३ साली माद्रिदमध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश राजअकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य आहे. अर्थ स्पॅनिशमध्येच दिलेले असल्यामुळे सुरुवातीला तो जड वाटतो, पण क्रियापदांची सर्व रूपे तेथे मिळतात. ज्यांना प्रमाणपत्र हवे आहे त्यांनी दिल्लीच्या सर्व्हान्तेस या स्पॅनिश भाषेच्या संस्थेमार्फत होणाऱ्या ‘देले’ या स्पॅनिशच्या परीक्षेची माहिती घ्यावी. ॲपने दिलेल्या पातळीच्या प्रशस्तिपत्रकाला ते मोल नाही. ज्यांना कानाला सवय करून घ्यायची आहे त्यांनी हे ॲप तीन महिन्यांच्या वर्गणीवर घ्यावे, वर्षाची घेऊ नये, आणि पैसे भरल्याच्या दिवशीच बँकेच्या ॲपमधून आपोआप कपातीची परवानगी काढून टाकावी.