गोकाक की गोडचिनमलकी?

पावसाळ्यात धबधबा म्हटलं की बेळगावच्या गाड्या आपसूक आंबोलीकडे नाहीतर चोर्ल्याकडे वळतात. घाट आहे, तिथं पाणी पडणारच. मला जास्त नवल वाटतं ते आपल्या पूर्वेचं. ज्वारीच्या मुलखात, बुटक्या टेकड्यांमधून निवांत चाललेली नदी कठीण वालुकाश्माच्या कड्याशी येते आणि एकदम खाली कोसळते. असे दोन धबधबे एकाच गोकाक तालुक्यात आहेत. रविवार एकच मोकळा असेल तर कुठला निवडावा, असं बरेच जण विचारतात, म्हणून हे लिहितोय.

गोकाकचा धबधबा कधीच पाहिला नसेल, तर त्याला डावलून दुसरीकडे जा असं मी सांगणार नाही. तो घटप्रभा नदीवर आहे; तिला वर हिरण्यकेशी नदी येऊन मिळालेली असते, म्हणजे आंबोलीत पडलेला पाऊसही इथं पोचतो. जुलै-ऑगस्टमध्ये मातकट तांबडं पाणी नालाकृती कड्यावरून १७० फूट खाली जातं, तेव्हा शेजारच्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागतं. झुलता पूल आहे, जुनं महालिंगेश्वराचं देऊळ आहे, सूतगिरणी आहे. याच पाण्यावर १८८७ मध्ये वीज तयार केली होती, हे मुलांना तिथं उभं राहून सांगण्यासारखं आहे. रस्ता थेट जवळ जातो. गुडघे दुखणारी आई-आजी बरोबर असतील, तर हा मुद्दा फार मोठा आहे.

पण तिथं मला एका जागी उभं राहून धबधबा बघता येत नाही, आणि माझ्यापुरता निकाल त्यावरच लागला. रविवारी दुपारी गाडी लावायला जागा शोधण्यापासून सुरुवात होते. मग हॉर्न, मोबाईलवरची गाणी, सेल्फीसाठी मागून येणारे धक्के. शेवाळलेल्या खडकावर मुलाचं मनगट घट्ट धरून उभं राहायचं, नजर त्याच्या पायांवर. पाणी समोर कोसळतंय आणि मी चपला बघतोय, असं दर वेळी होतं. घरी आल्यावर फोटोत पाहिला तेवढाच धबधबा. आडवारी सकाळी जाणाऱ्याला कदाचित असा त्रास होणार नाही, पण नोकरदारानं आडवार आणायचा कुठून?

गोडचिनमलकी मार्कंडेय नदीवर आहे. राकसकोप धरणातून आपल्या बेळगावच्या नळाला येतं ते पाणी याच नदीचं. नदी पुढे गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. इथं ती दोन टप्प्यांत उतरते: आधी साधारण २५ मीटर, मग थोडं पुढे वाहून पुन्हा साधारण १८ मीटर. गोकाकसारखी छाती दडपत नाही. पण वरच्या टप्प्याजवळ खडकाचे थर पायऱ्यांसारखे सुटत गेलेत आणि पाणी प्रत्येक थरावर पातळ पसरून, कडेला पांढरं होऊन खाली येतं. ते मागे, पाण्यापासून लांब, कोरड्या खडकावर बसून, डबा उघडून, हवा तितका वेळ बघता येतं. मुलांना थर मोजायला लावा, छान रमतात.

उणिवा आहेत. शेवटचा रस्ता अरुंद, थोडं चालावं लागतं, खायला काही मिळेलच असं नाही, आणि पाऊस ओढला तर धार अगदी रोडावते. पाहुण्यांना घेऊन गेलात आणि पाणी नसलं तर तोंड पडतं. तरीही माझा कौल, विचारलाच तर, गोडचिनमलकीला.

जायचं तर ऑगस्टमध्ये, चार दिवस चांगला पाऊस झाल्यावर, सकाळी लवकर पाच्छापूरमार्गे निघा. वेळ उरला तर पुढे गोकाक गाठा, तिथली करदंट ही मिठाईही घेता येईल. फक्त गोडचिनमलकीच्या वर, मार्कंडेयवरच, शिरूरला धरण आहे हे लक्षात ठेवा. विसर्ग वाढवल्याची बातमी असेल त्या दिवशी नदीच्या खडकांवर अजिबात उतरू नका, वरूनच बघा.