रात्री गाडी कुठे उभी राहते? विद्युत आणि हायब्रिड लक्झरी एसयूव्ही, साताऱ्यातून पाहताना

गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे एकाच प्रश्नासाठी दोन माणसे आली. पहिले माझे थोरले बंधू, ज्यांचा गोडोलीत स्वतःचा बंगला आहे, आणि दुसरे त्यांचे मित्र असलेले एक डॉक्टर, जे पोवई नाक्याजवळ एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतात. दोघांचेही बजेट साधारण सत्तर लाखांपर्यंतचे, दोघांनाही एसयूव्हीच हवी आणि दोघांच्याही टेबलावर दोन-दोन कोटेशने होती, एक संपूर्ण विजेवर चालणाऱ्या गाडीचे आणि दुसरे हायब्रिडचे. माझा व्यवसाय विद्युत ठेकेदारीचा असल्यामुळे मी गाड्यांचा जाणकार असल्याचा दावा करणार नाही. मात्र गाडीत वीज कुठून येते आणि कुठे जाते हे मला समजते, आणि या निवडीतला निम्मा भाग तेवढाच आहे.

आधी एक घोळ मिटवला पाहिजे. ‘हायब्रिड’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. मर्सिडीज जीएलसी किंवा व्होल्वो एक्ससी६० यांसारख्या गाड्यांत जी ४८ व्होल्टची यंत्रणा असते तिला माइल्ड हायब्रिड म्हणतात. ती इंजिनाला सुरू होताना आणि वेग घेताना थोडा हातभार लावते, पण केवळ विजेवर गाडी चालवत नाही. या गाड्या चांगल्या आहेत, तरीही त्यांना या तुलनेत धरण्याचे कारण नाही, कारण व्यवहारात त्या पेट्रोल-डिझेलच्याच गाड्या आहेत. लेक्सस एनएक्स ३५०एच ही स्ट्राँग हायब्रिड आहे, म्हणजे तिच्यात २,४८७ सीसीचे पेट्रोल इंजिन, विजेच्या मोटारी आणि स्वतःच चार्ज होणारी छोटी बॅटरी असते आणि ती कमी वेगात काही अंतर इंजिन बंद ठेवूनच जाते. तिसरा प्रकार प्लग-इन हायब्रिडचा, म्हणजे जिची बॅटरी बाहेरून वीज लावूनही चार्ज करता येते. बीएमडब्ल्यू एक्सएम हे त्याचे उदाहरण, पण तिची किंमत दोन कोटींच्या पुढची असल्यामुळे ती इथे बाजूला ठेवतो. तेव्हा खरी तुलना स्ट्राँग हायब्रिड आणि विद्युत यांच्यात आहे. विद्युत बाजूने मी बीएमडब्ल्यू आयएक्स१ची लांब व्हीलबेसची आवृत्ती धरली आहे, जी जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना बाजारात आली आणि जिची बॅटरी ६६.४ युनिटांची आहे.

पैशाचा हिशोब बहुतेक जण इंधनापासून सुरू करतात आणि तिथेच चुकतात. वर्षाला १५,००० किलोमीटर धावणे गृहीत धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि हायब्रिडची सरासरी १४ किलोमीटर धरली तर प्रत्येक किलोमीटरला साडेसात रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे १ लाख १२ हजार खर्च येतो. घरी चार्ज होणारी विद्युत गाडी एका युनिटात साडेपाच किलोमीटर जाते, युनिट १४ रुपयांना पडते आणि चार्जिंगमध्ये दहा टक्के वीज वाया जाते असे मानले, तर किलोमीटरला २ रुपये ८० पैसे, म्हणजे वर्षाला ४२ हजार होतात. फरक सुमारे ७० हजारांचा. ऐकायला बरा वाटतो, पण ज्याने सत्तर लाख मोजले त्याचा निर्णय या रकमेवर फिरू नये. चार्जिंग घराऐवजी हायवेवरच्या फास्ट चार्जरवर करावे लागले तर हा फरक आणखी आक्रसतो, हेही ध्यानात ठेवावे.

मोठी रक्कम करात आहे. महाराष्ट्रात २० लाखांवरील खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के एकरकमी वाहनकर लागतो; ७० लाखांच्या हायब्रिडवर तो ९ लाख १० हजार होतो, आणि गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर २० टक्के म्हणजे १४ लाख. विद्युत गाडीला राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार हा कर माफ आहे. ३० लाखांवरील विद्युत गाड्यांवर ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात आला होता, पण तो मागे घेण्यात आला. वरच्या हिशोबातली इंधनबचत साठवत नऊ लाखांपर्यंत पोहोचायला तेरा वर्षे लागतील, आणि हा कर तर पहिल्याच दिवशी वाचतो. जीएसटीतही हेच चित्र आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रिड गाड्यांना ४० टक्के, विद्युत गाड्यांना पूर्वीप्रमाणे ५ टक्के. अर्थात जीएसटी कोटेशनच्या किमतीत आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे तो वेगळा वजा करून पुन्हा खूश होऊ नये. व्यवसायाच्या नावावर गाडी घेणाऱ्यांनी घसाऱ्याच्या दरातला फरकही आपल्या सीएकडून समजून घ्यावा. विद्युत वाहनांना तो आजवर बराच जास्त मिळत आला आहे.

टोलच्या बाबतीत मात्र बरेच सातारकर गैरसमजात आहेत. ऑगस्ट २०२५ पासून विद्युत मोटारींना मिळालेली माफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग यांवरची आहे. आनेवाडी, खेड शिवापूर, तासवडे, किणी हे राष्ट्रीय महामार्गावरचे नाके आहेत आणि तिथे हिरव्या पाटीच्या गाडीचाही फास्टॅग वाजतोच.

आता घाट, कारण साताऱ्यात गाडीची परीक्षा तिथेच होते. वाई ते पाचगणी या पसरणी घाटात उंचीतला फरक साधारण पावणेसहाशे मीटरचा आहे. माणसांसह सव्वादोन टनांची विद्युत गाडी इतकी वर न्यायला, रस्त्यावरच्या नेहमीच्या खर्चाशिवाय, सुमारे साडेतीन युनिटे लागतात. उतरताना मोटार उलट काम करते, ब्रेकच्या पेडलला जवळजवळ पाय न लावता गाडी वळणावळणाने खाली येते आणि त्यातली दोन-अडीच युनिटे बॅटरीत परत जमा होतात. हायब्रिडही हेच करते, पण तिची बॅटरीच दीड युनिटाच्या आसपासची. घाट निम्मा उतरेपर्यंत ती भरते, आणि पुढे गाडी इंजिन फिरवून स्वतःला आवरते, मग नेहमीच्या ब्रेकवर यावे लागते. चढताना तिचे इंजिन एकाच वरच्या सुरात घोंगावत राहते; बंधूंना तो आवाज पहिल्याच वळणावर खटकला, तर डॉक्टरांच्या तो लक्षातही आला नाही. विद्युत गाडीवाल्यांसाठी एक सूचना: महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर लावून बॅटरी शंभर टक्के भरू नये, कारण भरलेल्या बॅटरीत उताराची वीज साठवायला जागाच उरत नाही.

हॉटेलवरून गेल्या मे महिन्यातला एक प्रसंग आठवतो. मुंबईहून आलेल्या एका मित्राची विद्युत गाडी आम्ही महाबळेश्वरात एका हॉटेलच्या आवारात १६ अँपिअरच्या सॉकेटला लावली. पोर्टेबल चार्जरवर लाल दिवा लागला आणि चार्जिंग सुरूच होईना. टेस्टर लावून पाहिले, तर फेज होता, न्यूट्रल होता, अर्थिंग नावापुरते होते. तिथली जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात कित्येक महिन्यांत कुणी पाणी घातलेले नव्हते. वॉचमनने दोन बादल्या ओतल्या, थोडा वेळ थांबलो, आणि लाल दिव्याचा हिरवा झाला. सकाळपर्यंत पंचवीसेक युनिटे भरली, तेवढी पुरेशी होती. हायब्रिडवाल्या माणसाला आयुष्यात कधी अर्थिंगचा विचार करावा लागणार नाही, आणि ही सोय पैशात मोजता येत नाही.

म्हणूनच मी दोघांनाही पहिला प्रश्न विचारला की गाडी रात्री कुठे उभी राहते. बंधूंच्या बंगल्यात पोर्च आहे, मीटर त्याच भिंतीवर आहे. ७.४ किलोवॅटचा चार्जर सिंगल फेजवर चालतो आणि रिकामी बॅटरी नऊ-दहा तासांत भरतो; ११ किलोवॅटसाठी थ्री फेज जोडणी लागते आणि वेळ साडेसहा तासांवर येतो. दोन्हींसाठी महावितरणकडून लोड वाढवून घ्यावा लागतो, मीटरपासून चार्जरपर्यंत स्वतंत्र केबल, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लागते आणि मीठ-कोळशाचा किंवा केमिकलचा नवा अर्थिंगचा खड्डा घ्यावा लागतो. छतावर सोलर असेल तर एका किलोवॅटला दिवसाला चार युनिटांच्या हिशोबाने गाडीचा बराचसा खर्च तिथूनच भागतो. डॉक्टरांची गाडी बेसमेंटमधल्या क्रमांकाच्या जागेत उभी राहते, त्यांचे मीटर तळमजल्याच्या पॅनेलमध्ये आहे, मधे चाळीसेक मीटरची केबल सोसायटीच्या सामाईक भिंतीवरून न्यावी लागेल आणि त्यासाठी सभासदांची संमती हवी. हे काम अशक्य नाही, पण संमती मिळेपर्यंत सार्वजनिक चार्जरवर विसंबून एवढी महाग गाडी बाळगणे मला पटत नाही.

दुसरा प्रश्न लांबच्या प्रवासाचा. आयएक्स१चा अधिकृत पल्ला ५३१ किलोमीटर असला, तरी महामार्गावर शंभरच्या वेगाने, एसी लावून, साडेतीनशेच्या थोडे पुढे धरावे. पुण्याला जाऊन परत येणे किंवा कोल्हापूरला जाऊन परत येणे हे घरच्या चार्जिंगवर सहज होते आणि खंबाटकीत रविवारी संध्याकाळी तासभर अडकले तरी शांत एसीत बसता येते. मुंबईला जाऊन परत यायचे तर वाटेत एकदा थांबावे लागते. ६० किलोवॅटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के भरायला पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो, आणि एकाच यंत्राच्या दोन्ही गन (गाडीला लावायच्या चार्जिंगच्या नळ्या) लागलेल्या असतील तर वीज वाटली जाऊन हाच वेळ दुप्पट होऊ शकतो. बंधूंच्या महिन्यात पुण्याच्या चार फेऱ्या असतात, मुंबई वर्षातून दोनदा. डॉक्टरांचे मूळ गाव कोकणात आहे, कुंभार्ली घाट उतरून पुढे, आणि वडिलांच्या प्रकृतीमुळे त्यांना रात्री-अपरात्री निघावे लागते. ५५ लिटरची टाकी भरलेली असली की सातशेहून अधिक किलोमीटर कशाचाही विचार न करता जाता येते, आणि त्यांना नेमके तेवढेच हवे आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. सर्व्हिससाठी बहुतेक ब्रँडच्या बाबतीत सातारकराला पुणे गाठावेच लागते, फक्त विद्युत गाडीला तिथे जाण्याची वेळ कमी येते. बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी सर्रास मिळते. तिच्यातल्या अटी वाचून घ्याव्यात. पुनर्विक्रीत माझा कौल स्पष्टपणे हायब्रिडकडे आहे, कारण विद्युत गाड्यांचे तंत्रज्ञान दर दोन-तीन वर्षांनी पुढे सरकते आणि जुन्या बॅटरीवर ग्राहक मन मानेल तसा भाव पाडतो. दर चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने करात वाचलेले नऊ लाख इथे जातील असे समजूनच चालावे. मागच्या सीटवरची जागा आयएक्स१मध्ये जास्त मोकळी आहे, पण ती पुढच्या चाकांवर चालते, तर एनएक्सच्या मागच्या चाकांना वेगळी मोटार असल्यामुळे पावसाळ्यात चिखलाच्या चढावर तिचा पाय अधिक घट्ट राहतो. जुन्या पेठांत घर असलेल्यांनी रुंदीही मोजावी. विद्युतमध्येच वरची पायरी, म्हणजे बीएमडब्ल्यू आयएक्स, १,९६७ मिलिमीटर रुंद आहे, आरसे सोडून, एनएक्स १,८६५. एवढ्या दहा सेंटिमीटरांवर शनिवार पेठेतली काही वळणे अवलंबून आहेत.

बंधूंकडे थ्री फेजचा अर्ज भरून झाला आहे आणि पोर्चच्या बाजूला खड्डाही घेतला आहे. विद्युत गाडीचे बुकिंग ते जोडणी आल्यावर करतील, त्याआधी नको असे मी त्यांना बजावले आहे. डॉक्टरांनी सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेची वाट न पाहता एनएक्सची ऑर्डर दिली. केबलचा विषय मात्र त्यांनी सभेच्या पत्रिकेवर घालून घेतला आहे, कारण त्यांच्या मुलीला पुढच्या वर्षी छोटी विद्युत गाडी हवी आहे.